घरी बांधलेले स्पीकर : खरजाला पुरतील एवढे, खोलीला सोसतील एवढे

मंद्रषड्ज (धागाकर्ता)

घरी स्पीकर बांधतोय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "ड्रायव्हर कुठले घेतले?" ड्रायव्हर म्हणजे डब्यात बसणारा, प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग. नॉर्वेचे सीस, डेन्मार्कचे स्कॅन-स्पीक की इंडोनेशियाचे एसबी? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. स्पीकर खरा घडतो तो खोलीत, डब्यात आणि क्रॉसओव्हरमध्ये (खालचे सूर मोठ्या ड्रायव्हरला आणि वरचे छोट्याला वाटून देणारं सर्किट). ड्रायव्हर प्रामाणिक असला, त्याची मापं छापल्याप्रमाणे निघाली, की पुरे. निम्म्याहून जास्त बजेट ड्रायव्हरवर उडवून वर बाजारातली तयार क्रॉसओव्हर प्लेट लावणारे लोक मी इंदुरात पुष्कळ पाहिले, म्हणून हा धागा.

आधी स्वतःला विचारा, ऐकता काय? मी ऐकतो ख्याल. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३९ हर्ट्झच्या आसपास येतो. तंबोऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. गायिकेचा षड्ज काळी चार ते काळी पाच धरला तर २०८ ते २३३, आणि तिच्या तंबोऱ्याचा खरज १०४ ते ११७. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित घ्या, मंद्रात ते कितीही रमोत, बहुतेक वेळा तळ तो तंबोऱ्याच्या खरजाचाच. डग्ग्याची घुमकही त्याच परिसरात. म्हणजे मला जो स्पीकर हवा तो ६५-७० हर्ट्झपर्यंत सरळ, स्वच्छ आणि सुरात हवा. २० हर्ट्झ हा सिनेमातल्या स्फोटांचा आणि चर्चमधल्या ऑर्गनचा प्रांत. तिथे जायचा खर्च मी का करू?

दुसरा प्रश्न खोलीचा. माझी खोली बारा बाय चौदा, उंची दहा फूट. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली कोटा फरशी. लोकमान्य नगरातल्या जुन्या घरांत शिरा, साधारण हेच दिसेल. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून समोरासमोरच्या भिंतींमधले पहिले अनुनाद काढले तर लांबीचा ४०, रुंदीचा ४७ आणि उंचीचा ५७ हर्ट्झ येतो. या तीन ठिकाणी खोली स्वतःच गाते. अमेरिकन पुस्तकांतली घरं लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेली असतात. ती भिंत जरा हलते, खालचे सूर थोडे खाते, थोडे बाहेर सोडते. आपली वीट काही खात नाही, जे येईल ते परत पाठवते. त्यामुळे तिकडचे लोक ज्याला भरदार बास म्हणतात, तीच योजना इकडे आणली की डग्गा ढोल होतो.

म्हणून मी पोर्ट, म्हणजे बास वाढवणारं डब्याचं नळीसारखं तोंड, दिला नाही. बंद डबा केला. चाळीसच्या आसपास ट्यून केलेला पोर्ट नेमका ४०-४७-५७ याच घोळक्यात तेल ओततो. बंद डबा खाली हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबल. पोर्टवाला उतरतो २४ ने.

गणित फार नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेलं आणि पुढे १९७२-७३ च्या सुमारास रिचर्ड स्मॉल यांनी विस्तारलेलं हे काम आहे, ड्रायव्हरच्या कागदावर एफएस (त्याचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (तो अनुनाद किती दाबलेला आहे), व्हीएएस (त्याच्या लवचीकतेइतकी हवा, लिटरमध्ये) लिहिलेलं असतं ते त्यातलंच. समजा एफएस ३८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस ३० लिटर. बारा लिटरचा बंद डबा घेतला. ३० भागिले १२ म्हणजे अडीच, त्यात एक मिळवा, साडेतीन. वर्गमूळ १.८७. याने क्यूटीएसला गुणलं की ०.७१, म्हणजे ज्याला सपाट म्हणतात तो आकडा. एफएसला गुणलं की ७१ हर्ट्झ. तिथे आवाज ३ डेसिबल पडलेला असतो, आणि स्पीकर भिंतीच्या जरा जवळ असला की तेवढं भिंतच भरून देते. खरज जागेवर बसला.

बंद डब्यात कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग करायची ही युक्ती एडगर विल्चर यांची, १९५४ ची. त्याआधी चांगला बास हवा तर कपाटाएवढा डबा लागे.

बांधलेली जोडी अशी : साडेसहा इंची मिड-वूफर (खालच्या-मधल्या सुरांना), एक इंची सॉफ्ट डोम ट्वीटर (वरच्या सुरांना), १८ एमएम प्लाय, क्रॉसओव्हर २२०० हर्ट्झला. क्रॉसओव्हरबद्दल कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन, तो विषय मोठा आहे.

---

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. येऊ द्या.

---

फिरकी

काका, क्रॉसओव्हरबद्दल मी विचारतो. नेटवर कॅल्क्युलेटर आहेत ना, ८ ओहम टाका, २२०० टाका, कॉइल आणि कपॅसिटरची व्हॅल्यू मिळते. महाराणी रोडवर तर तयार प्लेट पण मिळतात, वर छापलेलं असतं दोनशे वॅट वगैरे. मग मोठा विषय कसा काय? (कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून करायचाय, बजेट विद्यार्थ्याचं.)

---

मंद्रषड्ज

फिरकी, कॅल्क्युलेटर असं गृहीत धरतो की तुझा ड्रायव्हर म्हणजे ८ ओहमचा रेझिस्टर आहे. तो तसा नसतो. अनुनादाच्या जागी त्याचा इम्पिडन्स (आवाजाच्या विजेला होणारा रोध) तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो, मग सहा-सातवर येतो, आणि व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे वर जाताना पुन्हा चढत राहतो. शिवाय ड्रायव्हर स्वतःच वरच्या बाजूला उतरायला लागलेला असतो. म्हणजे कागदावर सप्तकाला १२ डेसिबलचं फिल्टर लावलंस, तरी ड्रायव्हरचा स्वतःचा उतार त्यात मिळून बाहेर १८ किंवा २४ पडतो. आपल्याला हवा असतो तो बाहेर पडणारा उतार. कॉइल-कपॅसिटरची संख्या त्याच्या मागून ठरते. तयार प्लेटला तुझा ड्रायव्हरही माहीत नाही आणि तुझा डबाही.

मी धरलेलं लक्ष्य म्हणजे लिंकविट्झ-रायली, चौथ्या श्रेणीचं, म्हणजे बाहेर सप्तकाला २४ डेसिबल. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं ह्यूलेट-पॅकार्डचे इंजिनिअर, १९७६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यात संगमाच्या जागी दोन्ही ड्रायव्हर ६-६ डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात (दोघांचे कंप एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे), त्यामुळे बेरीज सपाट येते. ताळा सोपा आहे. ट्वीटरच्या तारा उलट्या जोडायच्या आणि पुन्हा मोजायचं. २२०० वर खोल खड्डा पडला, वीस-पंचवीस डेसिबलचा, तर फेज जुळलेली आहे. उथळ पडला किंवा बाजूला सरकला तर काम बाकी आहे.

फेज बिघडते ती बहुधा इथे : वूफरचा शंकू आत खोल, ट्वीटरचा घुमट बाहेर. दोघांच्या ध्वनिकेंद्रांत दोन-अडीच सेंटिमीटरचं अंतर पडतं. २२०० हर्ट्झची तरंगलांबी साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटरला जवळजवळ साठ अंशांचा फरक. कॅल्क्युलेटरला याचा पत्ताच नसतो.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. डबा २२ सेंटिमीटर रुंद. वरचे सूर डब्याच्या पुढच्या पाटामुळे समोरच येतात, खालचे सूर त्याला वळसा घालून मागेही पसरतात. हा बदल होतो ती जागा काढायची तर ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भाग. ०.२२ ने भागलं की ५२० च्या आसपास. त्याच्या खाली आवाज हळूहळू ६ डेसिबलपर्यंत पडतो. गायकाचा गळा नेमका याच पट्ट्यात असतो, म्हणून भरपाई केली नाही तर मारव्यातला षड्ज पातळ आणि टाळ-झांजा पुढे. भरपाई म्हणजे खालचं वाढवायचं नाही, वरचं कापायचं. वूफरची कॉइल मोठी घ्यायची, ट्वीटर रेझिस्टरने खाली आणायचा. भिंतीजवळ ठेवणार असशील तर पुरे ६ नको, तीन-चार बास झाले. किंमत मोजावी लागते संवेदनशीलतेत, म्हणजे तेवढ्याच विजेत आवाज कमी येतो. ड्रायव्हर ८७ डेसिबलचा असला तर स्पीकर ८३ चा होतो.

हे सगळं फुकट सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. मोजायला आरईडब्ल्यू, क्रॉसओव्हर मांडायला व्हिट्युइक्सकॅड. खर्च फक्त कॅलिब्रेशन फाइल असलेल्या यूएसबी मायक्रोफोनचा. विद्यार्थ्याचं बजेट असलं तरी मायक्रोफोन सोडू नकोस, ड्रायव्हर एक पायरी खालचा घे.

---

गोल्डन_कान

लेख चांगला आहे पण हे सगळं मोजमाप फार यांत्रिक वाटतं. शेवटी कान महत्त्वाचा. मी पुण्यात माझ्या सिस्टमला केबल बदलली तेव्हा जो फरक पडला तो कुठल्याही ग्राफमध्ये दिसत नाही. ख्यालाच्या जागा उलगडल्या अक्षरशः. तुम्ही कुठली केबल वापरता ते लिहिलं नाहीत?

---

मंद्रषड्ज

अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, घराच्या वायरिंगची. पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, तिचा रोध ०.०८ ओहमच्या घरात. ८ ओहमच्या स्पीकरवर याचा परिणाम एक दशांश डेसिबलपेक्षा कमी. ट्वीटरच्या रेझिस्टरमध्ये अर्धा ओहम इकडचा तिकडे केला तर याहून कितीतरी जास्त फरक पडतो, आणि तो मलाही ऐकू येतो. कान महत्त्वाचा आहेच हो. म्हणूनच त्याला न दाखवता विचारावं, कुठली केबल लागली आहे ते.

---

गोल्डन_कान

असो. ज्याचा त्याचा अनुभव.

---

रंधा

मी लाकडाच्या बाजूने लिहितो. मंद्रषड्ज यांचे डबे मी पाहिले आहेत, कापायलाही होतो.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला पत्रा) की प्लाय यावर परदेशी लोक पानंच्या पानं भांडतात. एमडीएफ सपाट, घट्ट, राउटर लोण्यासारखा चालतो. पण माळव्याचा पावसाळा लक्षात घ्या. कापलेल्या कडेतून तो पाणी पितो आणि फुगतो, मग मे महिन्यात कोरडा पडला की सांध्यावर रंगाला रेघ येते. करायचाच असेल तर प्रत्येक कड सीलर मारून बंद करा, आतूनसुद्धा. मिस्त्री आतून मारत नाहीत, "अंदर कौन देखेगा" म्हणतात. आम्ही बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारा) प्लाय घेतला, आयएस ७१० चा शिक्का बघून. शिक्का असूनही काठावरून थर नीट बघा, मध्ये पोकळी असलेला पत्रा दुकानदाराला परत करा. पोकळी राहिली तर एखाद्या सुराला डबा कुरकुरतो आणि आपण बिचाऱ्या ड्रायव्हरला दोष देत बसतो.

पाट आडवा-उभा बांधायचा, म्हणजे ब्रेसिंग. समोरासमोरच्या भिंती आतून खिडकीसारख्या चौकटीने जोडा, आणि चौकट बरोबर मध्यावर लावू नका. भिंतींना आतून बिटुमेनची शीट, गाडीच्या दाराला लावतात ती. अशी शीट लावायची पद्धत बीबीसीवाल्यांचीही होती, फक्त त्यांचा बर्च प्लाय पातळ आणि आतून भरपूर डॅम्पिंग (कंप दाबणारा थर). त्यांच्या संशोधन विभागाचा १९७७ चा अहवाल आहे डब्यांवर. जाड भिंतीमुळे अनुनाद वर गळ्याच्या पट्ट्यात सरकतो आणि जास्त टोचतो, पातळ आणि दाबलेली भिंत खाली राहते आणि लवकर गप्प होते, असा त्यांचा मुद्दा. त्यांचा एलएस थ्री-फाइव्ह-ए तर ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत) ठेवायला केलेला इवलासा डबा, आवाज ऐकलात तर विश्वास बसत नाही.

डबा भरायला उशीतला पॉलिएस्टरचा भुगा चालतो. माझ्या आजीच्या गादीचा कापूस वापरू का असं एकाने विचारलं होतं. कापूस शोषतो चांगला, पण दबून खाली बसतो आणि कसर लागते.

भोकं जिगसॉने नको. ट्रिमरला वर्तुळाची पट्टी लावा, एका खिळ्यावर फिरवा. ट्वीटरची तबकडी पाटाच्या पातळीत बसली पाहिजे, तेवढी चार-पाच एमएम खाच आधी काढा आणि आरपार भोक नंतर. क्रम उलटा केला तर खिळा ठोकायला मधलं लाकूड उरत नाही. स्क्रूऐवजी टी-नट आणि बोल्ट. ड्रायव्हर दहा वेळा निघणार आणि लागणार आहे, हे धरून चाला.

कडा गोल करा, जमेल तेवढ्या मोठ्या. धारदार कडेवरून आवाज परत फुटतो. वर सागाचं विनियर, ते कडेवर वळवताना मिस्त्रीची परीक्षा होते.

आणि गळती. बंद डब्यात वूफर बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला पाहिजे. पटकन आला तर कुठेतरी फट आहे, बहुधा मागच्या टर्मिनलच्या प्लेटपाशी.

---

फिरकी

रंधा दादा धन्स! ट्रिमर भाड्याने मिळेल का कुठे?

काका, कॉइल आणि कपॅसिटर कुठून? ऑनलाइन पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरची किंमत बघून घाम फुटला.

---

रंधा

ट्रिमर माझा ने. बिट तुझे तू आण.

---

मंद्रषड्ज

कपॅसिटरचं उत्तर तुझ्या डोक्यावर फिरतंय. पंख्याचा. पंख्याच्या मोटरचे कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचेच असतात, ४४० व्होल्ट एसीचे, आणि २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड अशा व्हॅल्यूत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. समांतर जोडले की बेरीज होते. मोजून जुळवून घे, दोन्ही स्पीकरांत एकसारखे बसले पाहिजेत. आकाराने मोठे आणि दिसायला अगदीच बाळबोध, पण डब्याच्या आत कोण बघतंय. (रंधाचा मिस्त्री इथे मात्र बरोबर.)

कॉइल मोटार वाइंडिंगवाल्याकडून करून घे. इनॅमलची तांब्याची तार त्याच्याकडे किलोवर असते. वूफरच्या कॉइलला सव्वा एमएम जाडीची तार सांग, रोध ०.४ ओहमच्या आत ठेव, हवेचा गाभा. एलसीआर मीटर (कॉइल-कपॅसिटर मोजणारं) कॉलेजच्या लॅबमध्ये असेलच, वेढे थोडे जास्त घालून आण आणि मीटर लावून सोडत सोडत व्हॅल्यूवर ये. पाटावर दोन कॉइल एकमेकींना काटकोनात ठेव, शेजारी-शेजारी एकाच दिशेने झोपवल्यास तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

मोजताना ट्वीटरच्या सिरीजमध्ये वीसेक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कायम असू दे. अँप चालू करताना जो धप्प होतो त्याने उघडा ट्वीटर जातो.

---

सुरपेटी

मी गाणं शिकवते, राजेंद्र नगरात. तांत्रिक भाग निम्मा डोक्यावरून गेला पण खरजाचं गणित वाचून बरं वाटलं, कारण दुकानात स्पीकर ऐकवतात तेव्हा नेहमी इंग्रजी गाणी आणि धडाम-धुडूम. तंबोरा लावा म्हटलं की माणूस आपल्याकडे बघत राहतो.

माझं म्हणणं आहे की परीक्षा जवारीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारावर घ्यावी. खरज ठीक, पण जवारीतून जे सूर फुटतात ते खूप वर जातात. मोबाईलवरच्या तंबोऱ्यात ते कापल्यासारखे येतात. चांगल्या स्पीकरवर ते एका जागेवरून, एका तंबोऱ्यातून आले पाहिजेत, दोन ठिकाणांहून नाही. आमच्याकडे मागे एका दुकानातून आणलेल्या जोडीत खरज खालून आणि झणकार वरून, असा तंबोरा दुभंगलेला वाटायचा. हा तुम्ही म्हणता तो क्रॉसओव्हरचा दोष का?

आणखी एक. आम्ही खाली बसून ऐकतो. गादी, लोड, मांडी. स्पीकर किती उंच ठेवायचा?

---

मंद्रषड्ज

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत, आणि याहून चांगली परीक्षा मी सुचवू शकलो नसतो.

जवारीचे सूर दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास भरपूर असतात. आपला कानही दोन ते पाच हजारांत सगळ्यात तिखट. आणि दोन ड्रायव्हरांचा संगम तिथेच. त्यामुळे त्या पट्ट्यात फेज चुकली, किंवा दोन ड्रायव्हरांची केंद्रं फार लांब असली, की तंबोरा दुभंगतो. दोन केंद्रांतलं अंतर संगमाच्या तरंगलांबीच्या आत हवं. आमच्यात ते पंधरा सेंटिमीटर आहे, जेमतेम आत.

आता बसण्याचं. टू-वे, म्हणजे दोन ड्रायव्हरांचा, स्पीकर उभ्या दिशेत फार नाजूक असतो. बरोबर समोर बेरीज सपाट येते, पण पंधरा-वीस अंश खाली किंवा वर गेलं की दोन ड्रायव्हरांपासूनचं अंतर बदलतं आणि संगमावर खड्डा पडतो. खुर्चीत बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण एक मीटरवर. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा पाऊण मीटरच्या आसपास. बाजारातले स्टँड खुर्चीसाठी केलेले असतात. त्यावर ठेवलेला स्पीकर खाली बसून जवळून ऐकला की तुम्ही नेमक्या त्या खड्ड्याकडे सरकता. तुमची जोडी कदाचित तेवढी वाईट नसेलही. आधी पंधरा-वीस सेंटिमीटर खाली आणून बघा, किंवा मागे पाचर घालून पुढे झुकवा, ट्वीटर कानाकडे बघेल असा. पैसे लागत नाहीत.

आणि गादी-लोड सोडू नका. कोटा फरशीवरचं पहिलं परावर्तन त्यातच विरतं.

---

नुसताच_वाचक

अंड्याचे ट्रे भिंतीला लावले तर आवाज सुधारतो का? एका मित्राने अख्खी खोली मढवली आहे.

---

रंधा

कोंबड्यांना विचारून सांगतो.

---

मंद्रषड्ज

नाही. पातळ पुठ्ठा थोडे वरचे सूर खातो, बाकी सगळं तसंच. त्याने खोली मंद वाटते आणि बास अधिकच सुटा. शोषायला जाडी लागते. ५० हर्ट्झची पाव तरंगलांबीच पावणेदोन मीटर आहे, तिला पुठ्ठा काय करणार? त्यापेक्षा कोपऱ्यांत चार-सहा इंची रॉकवूल कापडात भरून उभं करा, कापड शीतलामाता बाजारातून घ्या, ज्यातून फुंकर आरपार जाते असं. बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट. आणि खालच्या तीन अनुनादांवर खरा इलाज म्हणजे बसायची जागा हलवणं. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, मागच्या भिंतीला पाठ लावूनही नाही.

अवांतर : उन्हाळ्यात चाळीस अंशांना ध्वनीचा वेग ३५५ होतो, म्हणजे माझा ४७ चा अनुनाद ४८.५ च्या आसपास सरकतो. एप्रिल-मेमध्ये डग्गा जरा वेगळा वाटला तर दोष आधी कूलरच्या घरघरीला द्या.

---

फिरकी

काका, मोजमाप खोलीत करू की बाहेर?

---

मंद्रषड्ज

गच्चीवर. आपल्याकडे सपाट गच्ची आहे ही या छंदातली मोठी मिळकत, उतरत्या छपरांच्या देशांत लोक यासाठी शेत शोधत फिरतात.

हिशेब असा. दहा फुटी खोलीत स्पीकर दीड मीटर उंच ठेवला, माईक एक मीटरवर, तर जमिनीवरून आणि छतावरून उसळून येणारा आवाज थेट आवाजानंतर साधारण सहा मिलिसेकंदांनी पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या आधी कात्री चालवली की १६० हर्ट्झच्या वरचं खरं चित्र मिळतं, खालचं नाही. गच्चीवर छत नाही. टेबलावर टेबल रचून दोन मीटर उंच केलंस तर नऊ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे ११० हर्ट्झपर्यंत. कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर राहा, टाकी फार आवाज परतवते. पहाटे कर, वारा कमी असतो आणि लग्नाच्या वराती झोपलेल्या असतात.

त्याखालचं जवळून मोजायचं. डॉन कीली यांची १९७४ ची पद्धत, माईक वूफरच्या मध्यापासून सेंटिमीटरभर. बंद डब्याला हे फारच सोपं, पोर्ट असता तर त्याचं वेगळं मोजून बेरीज करावी लागली असती. मग दोन्ही आलेख दोनशे-तीनशेच्या मध्ये शिवायचे. शिवताना जवळून मोजलेल्यात पाटाच्या रुंदीचा तो ६ डेसिबलचा परिणाम घालायला विसरू नकोस, जवळून मोजताना तो दिसत नाही.

फक्त समोरून मोजून थांबू नकोस. फिरत्या स्टुलावर ठेवून दहा-दहा अंशांनी बाजूचंही घे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमनमध्ये आयुष्यभर जे काम केलं त्याचं सार हेच, की समोरून सपाट आणि बाजूने हळूहळू, न अडखळता उतरणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. आपल्या उघड्या भिंतींच्या खोलीत तर बाजूचाच आवाज भिंतीवरून परत येऊन कानात पडतो.

---

गोल्डन_कान

प्रामाणिकपणे विचारतो. एवढ्या खटाटोपापेक्षा सेकंडहँड ब्रँडेड जोडी घेतली तर? पुन्हा विकताही येते. घरी बांधलेल्याला बाजारात कोण विचारतो?

---

मंद्रषड्ज

कुणी विचारत नाही, हे खरं आहे. विकायच्या दृष्टीने ड्रायव्हरांची किंमत येईल, लाकूड आणि मेहनत शून्य. ज्याला पाच वर्षांनी बदलायची सवय आहे त्याने ब्रँडेडच घ्यावी. ते स्पीकर वाईट नसतात. फक्त ते कुणाच्या तरी सरासरी खोलीसाठी केलेले असतात. माझ्या डब्याला पोर्ट नाही, माझी भरपाई साडेतीन डेसिबल आहे आणि ट्वीटरची रेषा गादीवर बसलेल्या माणसाच्या कानावर जाते. हे दुकानात मागून मिळत नाही.

---

सुरपेटी

स्पीकर खाली आणले. तंबोरा एक झाला. पूर्ण नाही, पण त्या दुभंगाची खटक गेली.

एक कल्पना डोक्यात आहे. माझाच तंबोरा माझ्याच खोलीत रेकॉर्ड करायचा, मग तो तंबोरा आणि स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना पाठ फिरवून बसवायचं आणि ओळखायला सांगायचं. असं कुणी करतं का?

---

मंद्रषड्ज

करत असत. विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटला मंचावर बसवून असेच प्रयोग केले, वादक मध्येच हात थांबवायचे आणि रेकॉर्डिंग पुढे चालू व्हायचं. त्याच्याही आधी एडिसनची कंपनी गायिकेला फोनोग्राफशेजारी उभी करायची.

तुमच्या प्रयोगात एक काळजी घ्या. खोलीत रेकॉर्ड केलंत तर खोलीचा घुमारा रेकॉर्डिंगमध्येही येईल आणि वाजवताना पुन्हा एकदा लागेल. दुहेरी. म्हणून रेकॉर्डिंग गच्चीवर करा, माईक मीटरभर अंतरावर, भोपळ्यासमोर नाही तर जवारीच्या घोडीकडे थोडा तिरका. आणि आवाजाची पातळी माईकने जुळवा, कानाने नको. एक डेसिबल जास्त असलेली बाजू लोकांना नेहमी "जास्त खरी" वाटते.

---

फिरकी

मी येऊ का ताई मोजायला? माईक येतोय पुढच्या आठवड्यात.

---

सुरपेटी

ये. फक्त सकाळी नऊच्या आत, नंतर क्लास असतो.

---

रंधा

फिरकी, प्लाय घेताना मला बरोबर ने. सियागंजात एकटा गेलास तर मधला थर पोकळ असलेलाच पत्रा गळ्यात मारतील. आणि डब्याचं माप आतलं की बाहेरचं ते ठरवून ये. बारा लिटर हे आतलं, त्यातून वूफरचा मागचा भाग, ब्रेसिंग आणि क्रॉसओव्हरचा पाट वजा जातो. डबा चौदाचा धर.

---

मंद्रषड्ज

चौदा बरोबर. क्रॉसओव्हर मात्र आधी डब्याबाहेर, लाकडी पाटीवर तारा लांब सोडून ठेव. ट्वीटरचा रेझिस्टर ठरेपर्यंत महिना-दोन महिने जातात. गळा, व्हायोलिन, सारंगी, सगळं त्यावर ऐकून घे आणि मगच आत बसव.